लॉनमोअरचा पट्टा: ए-३८ नव्हे, ए-३६

गवत कापायच्या मशीनच्या कार्बोरेटरचं (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) काम एका दुपारीत उरकलं, पण पट्ट्यानं ऐन पावसाळ्यात जो जीव खाल्लाय त्याचा राग अजून गेलेला नाही. कोल्हापुरात पेट्रोलवरचं मोअर वापरणाऱ्या कुणाचा तरी हेलपाटा वाचावा म्हणून लिहितेय.

आमचं मशीन सेल्फ प्रोपेल आहे, म्हणजे मागची चाकं इंजिनच पट्ट्यावर फिरवतंय. उन्हाळाभर बंद होतं. जूनमध्ये गवत उठलं आणि दोरी ओढून खांदा दुखला तरी स्टार्ट होईना. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतंय, त्यातलं काही आपल्याच उसाचं, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतंय. कार्बोरेटरची पेट्रोल साठणारी वाटी उघडली तर तळाला पाणी, पिवळा चिकट थर आणि मेन जेटचं, म्हणजे पेट्रोल पुढं जातं ते, बारीक भोक बुजलेलं. क्लीनरचा स्प्रे मारून हवा मारली (सुई घालू नका, भोक मोठं होतंय), फिल्टर आणि कडक झालेला रबरी पाईप बदलला. चालू झालं.

पण चाकं जागची हलेनात. पट्टा गुळगुळीत होऊन चिरलेला, आणि त्यावर पुसट नंबर, ४एल३८०.

सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर मशीन आणून टाका, पट्टा मागवायला लागेल, कधी येईल सांगता येत नाही. इकडं गवत गुडघ्याला लागायला आलेलं. मग पट्ट्याच्या एका दुकानात जुना पट्टा घेऊनच गेले. तिथला माणूस पट्टा हातात न घेताच म्हणतो, "ताई, मालकांना पाठवा की." म्हटलं मशीन मीच चालवते, मीच उघडलंय, तुम्ही नंबर बघा. त्यानं बघितला, ३८० म्हणजे अडतीसच म्हणाला आणि ए-३८ काढून दिला.

घरी येऊन पातं काढून, पुली मोकळी करून पट्टा चढवला, कारण आमच्यात पातं काढल्याशिवाय पट्टा निघतच नाही, आणि चाकं चालू करायची लिव्हर पूर्ण दाबली तरी पट्टा नुसता घसरतोय, अंगणाच्या चढाला तर मशीन अजिबात पुढं जाईना. परत गेले. "तुमची स्प्रिंग गेलीय," म्हणे. पट्टा ताणून धरणारी ती स्प्रिंग मी तपासलेली, चांगली होती. पट्ट्याला तेलाचा डाग लागलाय म्हणून परतही घेईना. नवीन स्प्रिंग लावा, नाहीतर अख्खी पुली बदला, एवढंच चाललेलं, आणि दोन्ही पट्टे शेजारी धरून बघा म्हटलं तर तेवढं करायला तयार नाही!

शेवटी शिवाजी उद्यमनगरात, आपल्या कारखान्यांच्या भागात गेले. तिथल्या एका मामांनी काही न विचारता दोन्ही पट्टे खिळ्याला अडकवून खाली ओढले, नवा सरळ खाली लोंबला. मग नीट सांगितलं. ४एलवाल्या नंबरात पट्ट्याची बाहेरची लांबी असते, इंचाच्या दहाव्या भागात, म्हणजे ३८० म्हणजे बाहेरून ३८ इंच. आपल्याकडच्या ए पट्ट्याचा नंबर आतल्या लांबीचा. जाडीमुळं दोन्हीत साधारण २ इंचाचा फरक पडतोय, म्हणून ४एल३८० ला ए-३६ लागतो. रुंदी दोन्हीची अर्ध्या इंचाच्या आसपास, त्यामुळं बघून काही कळत नाही. ए-३६ चढवला आणि मशीन चढावर असं पळालं की मीच त्याच्या मागं पळतेय. लई बरं वाटलं.

मामांनी अजून एक सांगितलेलं, लिव्हर सोडल्यावर चाकं हातानं मोकळी फिरली पाहिजेत. साधा गिरणीचा पट्टा कधीकधी सैल सोडला तरी पुलीला धरून बसतो, मग मशीन थांबत नाही. मिळाला तर आत केव्हलारचा (एक मजबूत धागा) दोर असलेला मोअरचाच घ्या.

आणि हो, हे आधी सांगायला पाहिजे होतं, पात्याला हात लावायच्या आधी स्पार्क प्लगची वायर काढून लांब ठेवा, म्हणजे इंजिन चुकून चालू होणार नाही. टाकी रिकामी करा, आणि मशीन आडवं करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर तेल कार्बोरेटरमध्ये उतरतंय. जुना पट्टा काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, तो कुठल्या पिनच्या आतून गेलाय ते नंतर आठवत नाही.

महिनाभर मशीन लागणार नसेल तर पेट्रोल काढून घ्या आणि राहिलेलं जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. एवढं करूनही थोडा वेळ चालून बंद पडत असेल तर कार्बोरेटर उघडायच्या आधी टाकीचं झाकण सैल करून बघा, त्यातलं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही.