चुन्याची डबी

बावीस वर्षं तंबाखू खाल्ली. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर मी हिशेब लिहितो. पहाटे गाड्या लागल्या की पहिला बार, मग दर तासाला एक. मळलेली चिमूट खालच्या ओठात दाबल्याशिवाय आकडे जुळायचे नाहीत, असं खरंच वाटायचं.

दिवाळीनंतर नेमक्या त्याच जागी पांढरा चट्टा दिसला. दातांच्या डॉक्टरबाईंनी तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी बायकोशी धड बोललो नाही. कॅन्सर निघाला नाही. पण बाई म्हणाल्या, "असे चट्टे पुढे बिघडू शकतात. तंबाखू आजच बंद."

याआधी तीनदा सोडली होती आणि तिन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा धरली होती. मन कच्चं, असं घरचे म्हणायचे आणि मलाही ते पटलं होतं.

ऐरोलीची भाची बायोटेक शिकते. ती रविवारी आली, टेबलावरची डबी उचलून म्हणाली, "मामा, चुना कशाला लावतोस?" मी म्हटलं, चवीला. ती म्हणाली, चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन मोकळं होतं आणि ओठाच्या कातडीतून झपाट्याने रक्तात उतरतं. बावीस वर्षं मी रोज हाताने करत होतो ते हे.

मग तिने मेंदूचं सांगितलं. ॲसिटिलकोलीन हे मेंदूचं स्वतःचं रसायन. ते पेशींवरच्या ज्या खास जागांवर, म्हणजे ग्राहींवर (रिसेप्टर) बसतं, तिथेच निकोटिन जाऊन बसतं आणि डोपामिन सुटतं, त्यामुळे बरं वाटतं. रोजच्या माऱ्याने ते ग्राही बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. म्हणजे खाणारी तोंडं वाढली! रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, रात्रभरात बरंचसं उतरतं आणि पहाटे ही सगळी तोंडं एकदम मागायला लागतात. पहिल्या बाराची गोडी तिथली. तिसऱ्या दिवशी मी का हरत होतो तेही कळलं. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त असतो, पुढे उतरत जातो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

तिने सांगितलेली आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. २०११ साली अमेरिकेत एरिक आणि डेनिस कँडेल या शास्त्रज्ञांच्या गटाने उंदरांना सात दिवस पाण्यातून निकोटिन दिलं, मग कोकेन. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर निकोटिनने बदल केले होते. त्यामुळे व्यसनाशी जोडलेलं फॉसबी हे जनुक कोकेनला जास्तच जोराने जागं झालं. क्रम उलटा केला तर तसं झालं नाही. म्हणजे उंदरांत तरी निकोटिनने पुढच्या नशेची वाट मोकळी केली होती. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सोमवारी १८००-११-२३५६ ला फोन लावला. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी क्विटलाइनचा हा नंबर इतकी वर्षं माझ्याच पुडीवर छापलेला होता. पलीकडच्या ताईंनी तारीख ठरवून घेतली, नंतर स्वतः फोन करत राहिल्या. डॉक्टरांनी निकोटिनची चावायची गोळी (च्युइंगगम) दिली. ती सतत चघळायची नाही. झणझणली की गालात ठेवायची, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायची. आधी पंधरा मिनिटं चहा नाही, कारण तोंड आंबट झालं की निकोटिन नीट शोषलं जात नाही. चुन्याचंच गणित, उलट बाजूने. बाजारात चहा नाकारणं मला तंबाखू नाकारण्याहून जड गेलं.

तिसऱ्या दिवशी हात कापत होते. एका हिशेबाच्या पट्टीवर मी वजन चुकीचं चढवलं, शेजारच्या हमालावर ओरडलो. त्याने काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

सिगारेट सोडलेल्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये वाढलेले ग्राही सहा ते बारा आठवड्यांत पूर्वपदावर आलेले दिसले आहेत. माझा अकरावा आठवडा चालू आहे. चट्टा फिका झालाय, पुढची तपासणी महिन्याने. पहाटे गाडी लागली की डाव्या हाताचा तळवा अजून आपोआप उघडतो. मी त्यात पेन धरतो.