लग्नपत्रिकेच्या पट्ट्यांपासून कागदी भोपळ्यापर्यंत: आमची वाटचाल

गोव्यातल्या म्हापशातला आमचा छापखाना सासऱ्यांनी सुरू केला. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, देवस्थानांची पावतीपुस्तकं ही रोजची कामं. आज त्याच जागेत मुलांसाठी कागदकामाचे संच तयार होतात आणि त्यांचा सर्वांत मोठा हंगाम असतो ऑक्टोबरअखेरचा, म्हणजे हॅलोविन या पाश्चात्त्य सणाचा. चवथ (गणेशचतुर्थी) आणि दिवाळी जिथे वर्षाचे मोठे सण, तिथल्या मराठी घरातल्या छापखान्याने हे काम का धरलं, असं अनेकजण विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

छापखान्याचं वर्ष लग्नांवर चालतं. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची रीघ लागते, ती आषाढीपर्यंत टिकते. चातुर्मास लागला की यंत्रं थंडावतात. चवथीच्या सुमारास मंडळांची पावतीपुस्तकं आणि आरतीच्या पुस्तिका येतात, पण तेवढ्यावर कामगारांचा पगार भागत नाही. दर पावसाळ्यात सासऱ्यांना हीच काळजी असायची.

दुसरी गोष्ट उरलेल्या कागदाची. पत्रिका कापल्या की कटिंग मशीनच्या कडेला कार्डशीटच्या लांब पट्ट्या पडतात. चांगला जाड कागद, तोही हळदी, केशरी, कुंकवाच्या रंगाचा. ही कात्रणं पोत्यात भरून रद्दीच्या भावाने जायची. माझ्या जाऊबाई तेव्हा बालवाडीत शिकवत. त्या एकेक पोतं शाळेत न्यायच्या आणि मुलांकडून त्याच्या साखळ्या, फुलं, माशांची खवलं करून घ्यायच्या.

हॅलोविन आमच्या दारात आलं ते शाळांमधून. एका वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नारिंगी आणि काळं कार्डशीट मागायला बऱ्याच आया आल्या. शाळेने मुलांना भोपळा आणि वटवाघूळ करून आणायला सांगितलं होतं, आणि बहुतेक घरांत ते काम आईनेच रात्री जागून करायचं होतं. त्या गेल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "अगो, नारिंगी पट्ट्या पोत्यात पडून आहेत. मुलांनी स्वतः करायचा भोपळा आपण का देऊ नये?" सगळं इथून सुरू झालं.

पट्ट्यांचा भोपळा करायला सोपा आहे. वीस सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद अशा बारा पट्ट्या घ्यायच्या, दोन्ही टोकांना भोक पाडायचं, सगळ्या एकावर एक ठेवून वर-खाली पितळी पिन लावायची आणि मग एकेक पट्टी फिरवत गोल उघडायचा. पण तो गोल नीट उघडणं कागदावर अवलंबून असतं. कागदाला एक दिशा असते. यंत्रावर तो बनताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच बाजूने आडवे पडतात. पट्टीची लांबी त्या तंतूंच्या दिशेने असेल तर पट्टी ताठ राहते आणि वाकवताना मध्येच मोडते. लांबी तंतूंना आडवी असेल तर ती सुरेख कमान घेते. सासऱ्यांना हे कागद नुसता बोटांत धरून कळायचं. "आधी वाकवून बघ, कुठल्या बाजूने लवकर लवतो ते, आणि मग काप," असं ते आम्हाला सांगत. मुलाच्या हातात भोपळा फुलतो की चेपतो, हे त्या एका कापावर ठरतं. म्हणून कात्रणं निवडण्याचं काम आम्ही आजही हाताने करतो.

गोव्याची हवा ही या धंद्यातली दुसरी मोठी गोष्ट. संच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बांधावे लागतात आणि त्या दिवसांत कागद हवेतलं पाणी ओढून घेतो. तंतूंच्या आडव्या दिशेने तो जास्त फुगतो, म्हणून ठेवल्या ठेवल्या वळतो. रीम फोडली की तेवढा कागद त्याच दिवशी कापून बांधून टाकायचा, उरलेला घट्ट गुंडाळून लाकडी फळीवर ठेवायचा, जमिनीला लागू द्यायचा नाही, ही शिस्त छापखान्याने आम्हाला आयती दिली.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली आणि पत्रिका मोबाइलवरून जाऊ लागल्या. त्या वर्षी छापखाना बंद करायचा विचार घरात गंभीरपणे झाला. पण मुलं घरात अडकली होती, आणि जाऊबाईंच्या शाळेतले पालक विचारत होते की हाताला काम होईल असं काही आहे का. आम्ही पट्ट्या, काळं कार्डशीट, पतंगी कागद आणि एका पानावर छापलेली आकृती असं पाकीट बांधलं. पर्वरी, म्हापसा, डिचोली, फोंडा असं करत ती पाकिटं घरोघर पोचली. छापखान्याला त्या वर्षी त्या पाकिटांनी तारलं, हे मी कृतज्ञतेने सांगते.

पाकिटं गावात फिरू लागली तसे प्रश्नही आले. शेजारच्या वाड्यावरचे एक आजोबा दुकानात येऊन म्हणाले, "बाय, आमच्या पोरांना नरकासूर पुरत नाही का? ही परकी भुतं कशाला?" त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगाव नरकासूर उभे राहतात. बांबूचा सांगाडा, गवत, कागद, वर भयंकर मुखवटा, आणि पहाटे दहन. इथल्या मुलांना भीतिदायक वस्तू स्वतःच्या हाताने करण्याची सवय लहानपणापासून आहे. मी आजोबांना एवढंच सांगितलं की, पोरं शाळेसाठी भोपळा करणारच आहेत; तो बाजारातून विकत आणलेला प्लॅस्टिकचा असण्यापेक्षा त्यांनी कापलेला असू दे. आणि त्यांचं म्हणणं मनावर घेऊन त्या वर्षापासून प्रत्येक ऑक्टोबर-संचात नरकासुराच्या तोंडाची आकृतीही घातली. ती आता आमची सर्वांत आवडती आकृती आहे.

हॅलोविनबद्दल मी वाचलंही. ३१ ऑक्टोबर ही सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा मिळाला, तो मोठा आणि कोरायला मऊ. कागदी सजावटही नवी नाही. क्रेप कागद विकणाऱ्या डेनिसन या अमेरिकन कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच हॅलोविनच्या सजावटीच्या पुस्तिका छापल्या होत्या. कागदवाल्याने कागदाचं काय करायचं ते छापून सांगावं, ही आमचीच रीत शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी चालवली होती, हे वाचून फार बरं वाटलं.

दुसरी सूचना आली ती आमच्या ख्रिस्ती शेजारीणबाईंकडून. २ नोव्हेंबरला त्या घरच्यांसोबत दफनभूमीत जातात, फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. त्यांनी आमचा नमुना हातात घेऊन बघितला आणि हळूच म्हणाल्या, "बाय, फोंड आनी खुरीस घालूं नाका." आकृतीत एक थडगं होतं आणि त्यावर क्रूस. ते त्याच दिवशी काढलं. गोव्यात ज्या आठवड्यात शेजारची माणसं आपल्या गेलेल्यांना भेटायला जातात, त्या आठवड्यात थडगं हे मुलांचं खेळणं होऊ नये. भोपळा, वटवाघूळ, कोळी, काळं मांजर, घुबड, एवढ्यात मुलांचं भरपूर होतं. वटवाघळाबद्दल तर कार्यशाळेत आम्ही थांबून बोलतो. फळं खाणारी वटवाघळं काजूची बोंडं खाऊन बिया दूरवर टाकतात, हे ऐकल्यावर मुलं पंख जास्त मन लावून कापतात.

२०२२ च्या १ जुलैपासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली आणि किनाऱ्यावरची हॉटेलं कागदाकडे वळली. त्यांना दिवाणखान्यासाठी एकसारखी शेकडो वटवाघळं हवी असतात. ती आम्ही डायवर, म्हणजे आकार कापणाऱ्या साच्यावर, कापून देतो, आमच्याकडच्या बायका दोरीत ओवतात, आणि खरं उत्पन्न तिथून येतं. मग एका मोठ्या ग्राहकाने सुचवलं की मुलांच्या संचातही सगळं आधीच कापून द्या, मुलांनी फक्त चिकटवायचं. पसारा कमी होईल आणि वस्तू सुबक दिसेल. घरातही यावर बराच वाद झाला. दिरांचं म्हणणं होतं, "वहिनी, डाय तयार आहे, वेळ वाचेल, मागणी वाढेल." हिशेबाने ते बरोबरच होतं.

तरी आम्ही नाही म्हटलं. मुलांच्या संचात पट्ट्या सोडून काहीही कापलेलं नसतं. कोळ्याचं जाळं घ्या. चौकोनी पतंगी कागद तीनदा दुमडून त्रिकोण करायचा, एका घडीकडून आत कमानी कापत जायचं, दुसरी घडी मात्र शाबूत ठेवायची. कापताना मुलाला जाळं दिसत नाही, नुसते खाचे दिसतात. उलगडल्यावर चार धागे आणि त्यांच्यामधल्या कमानी एकदम समोर येतात. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते कापून दिलेल्या जाळ्याने येत नाही. जाळं एका बाजूने तुटलेलं असतं, कमानी लहानमोठ्या असतात. ती मुलाने केलेली वस्तू आहे हे बघताक्षणी कळावं, आणि ती तशीच भिंतीवर लागावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. मोठ्या माणसाने ती मागून नीटनेटकी करू नये, अशी विनंती आम्ही आकृतीच्या पानावरच छापतो.

वयाप्रमाणे काम मात्र बदलतो. चार-पाच वर्षांच्या मुलांना कात्री न देता पांढरा क्रेप कागद फाडायला देतो. फ्लेक्सच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी आम्ही करवतीने चार-चार बोटं कापून ठेवतो. तिला ते तुकडे गुंडाळले, वर दोन डोळे लावले की ममी तयार. सहाच्या पुढे बोथट टोकाची कात्री. नऊच्या पुढे कंदील.

चिकटवायला मैद्याची खळ घरीच शिजवतो. जुने कंदीलवाले खळीत मोरचूद घालत, म्हणजे झुरळं लागत नाहीत. मोरचूद विषारी आहे आणि लहान मुलं बोटं चाटतात, म्हणून आमच्या खळीत तो कधीच नसतो. खळ रोजची रोज करायची आणि उरली तर टाकायची. कागदी कंदिलात मेणबत्ती ठेवू देत नाही. लहान एलईडी दिवे देतो तेही ज्यांच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं असेच. नाण्यासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर जखम होऊ शकते. स्वस्त दिव्यांचं झाकण नखाने उघडतं, म्हणून ते आम्ही घेत नाही. पालकांनी घरी आणलेले दिवेही एकदा तपासून बघावेत.

२०२४ साली नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली. पहाटे नरकासूर जळणार आणि संध्याकाळी हॅलोविन. त्या आठवड्यातल्या कार्यशाळेत दोन्ही कामं एकाच टेबलावर चालली होती. वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून फुग्यावर थरावर थर दिलेली नरकासुराची डोकी एका बाजूला वाळत होती, दुसऱ्या बाजूला भोपळे. एका मुलीने नरकासुराची काळी झुपकेदार मिशी आणि सुळे कापून भोपळ्याला लावले आणि विचारलं, "टीचर, चालेल?" बघता बघता सगळ्या भोपळ्यांना मिशा आल्या. दिवाळीनंतर ती मिशी आमच्या छापील आकृतीत कायमची गेली, आणि पुण्या-मुंबईहून मागवणारे पालकही आता तोच भोपळा मागतात.

आज छापखान्यात पत्रिका छापल्या जातात, पण कमी. चातुर्मासात यंत्रं बंद नसतात. आकृत्यांचं पान मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत असतं. कार्यशाळा दसऱ्यानंतरच्या शनिवारी दुपारी दुकानाच्या माडीवर होतात. मुलाबरोबर आलेल्या मोठ्यांनाही कात्री मिळते, फक्त त्यांनी स्वतःचा भोपळा करायचा. शाळांनी आपली मागणी चवथीच्या आधी कळवावी. नंतर कळवली तर पट्ट्या हाताने निवडायला वेळ उरत नाही, आणि न निवडलेल्या पट्ट्यांचा संच आम्ही देत नाही. ज्यांच्या घरी जुन्या जाड पत्रिका साठल्या असतील त्यांनी त्या आणून द्याव्यात; केशरी आणि लाल आम्हाला नेहमीच हव्या असतात.