तेल अस्सल, जागा चुकीची

ऐन पावसाळ्यात एका बेकरीवाल्यांनी आमच्या प्रयोगशाळेत स्लाइस ब्रेडची दोन पाकिटं आणून ठेवली. त्यांनी कॅल्शियम प्रोपियोनेट (ब्रेडला बुरशी लागू नये म्हणून घालतात ते परिरक्षक) बंद करून किलोभर मैद्याला १ मिली लवंगतेल घालायला सुरुवात केली होती. ब्रेड फुगेना, आणि तिसऱ्या दिवशी बुरशी मात्र हजर. "तेलात भेसळ आहे का, तेवढं बघा," म्हणाले.

तेल अस्सल होतं. पण लवंगतेलातला मुख्य घटक युजेनॉल बुरशीला जसं बाधतं तसं यीस्टलाही. यीस्ट शेवटी बुरशीच्याच कुळातलं. बरंचसं तेल भट्टीत उडून जातं, उरलेलं स्निग्धांश आणि प्रथिनं धरून ठेवतात. मुळात भट्टीतून निघालेल्या ब्रेडवर जिवंत बुरशी जवळपास नसतेच. ती बसते नंतर, हवेतून आणि स्लाइसरच्या पात्यावरून. पाकिटांना आतून घाम सुटलेला होता, म्हणजे माल कोमट असतानाच भरलेला. हिरवे ठिपके कापलेल्या बाजूवर, कवचावर जेमतेम.

मग तेलाची वाफ बुरशी रोखते का ते पाहायला त्या ठिपक्यांतली पेनिसिलियम ही हिरवी बुरशी पीडीए प्लेटवर (बटाट्याच्या अर्काचं, बुरशी वाढवायचं माध्यम) पसरली. प्लेट उलटी, झाकणात ६ मिमीची फिल्टर पेपरची चकती, तिच्यावर १० मायक्रोलिटर तेल (लवंग, ओवा आणि दालचिनीची साल, प्रत्येकाची प्लेट वेगळी), कडेनं पॅराफिल्म म्हणजे ताणली जाणारी मेणासारखी पट्टी, २५ अंश सेल्सिअस. तेल माध्यमाला शिवत नाही, काम करते ती वाफ. बिनतेलाच्या प्लेट वेगळ्या डब्यात ठेवायच्या, नाहीतर शेजारची वाफ लागून त्यांचीही वाढ खुंटते आणि तुलनाच उरत नाही. ओव्याच्या तेलाच्या तळाशी त्यातल्याच थायमॉल या मुख्य घटकाचे खडे बसले होते. बाटली कोमट पाण्यात धरून ते विरघळवून घेतले. तसं न केल्यास पिपेटमध्ये थायमॉल कमी असलेलं तेल येतं.

पाचव्या दिवशी बिनतेलाच्या प्लेट हिरव्यागार, तेलाच्या तिन्ही कोऱ्या. खरी परीक्षा पुढे: चकत्या काढून प्लेट पुन्हा ठेवल्या. लवंग आणि ओव्याच्या प्लेटवर बुरशी उगवली, म्हणजे ती नुसती थोपली होती. दालचिनीच्या सालीच्या तेलाखालची उगवली नाही.

बेकरीवाल्यांना सांगितलं: मैद्यात तेल बंद. ब्रेड आतपर्यंत गार झाल्यावरच कापा, पातं ७० टक्के अल्कोहोलनं पुसा. तेल वापरायचंच तर खाद्य दर्जाचं, पाकिटातल्या छोट्या पॅडवर, आणि मात्रा नाकानं ठरवा. चहात बुडवलेल्या ब्रेडला दातदुखीच्या औषधाचा वास आला तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकणार नाही.

ते लगेच 'दालचिनी तेल' घेऊन आले. झाकण उघडताच लवंगेचा वास! पानांचं तेल होतं. त्यात मुख्यतः युजेनॉलच असतं. सालीच्या तेलातला मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड हवा तर बिलावर 'साल' असं लिहून घ्या, म्हटलं, आणि बाटली परत पाठवली.