जातं बघायला तिकीट

आमची भावकी जमायची ती फक्त लग्नाला नाहीतर बाराव्याला. लग्नात बोलायला सवड नसते आणि बाराव्याला हसायची सोय नसते. म्हणून यंदा जानेवारीतला एक रविवार धरला. धाकट्या चुलतभावानं ग्रुपवर आधीच जाहीर केलं की कुणाच्याही घरी जमायचं नाही, कारण ज्याच्या घरी जमतो त्याची बायको दिवसभर गॅसपुढनं हलत नाही. (हे त्याला कुणी सांगितलं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. वहिनी, तुमचे आभार.)

मग जागेवरून आठवडाभर घोळ. पोरांना खोपोलीचं इमॅजिका पाहिजे, पुणेकरांना वॉटर पार्क, नानाकाकांना नेहमीप्रमाणे जोतिबा. ठरलं कणेरी मठ. पुणे-बंगळूर हायवेनं कोल्हापूर सोडून कागलकडं निघालं की गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीजवळ वळायचं. बेळगावची मंडळीही त्याच रस्त्यानं येणार. आणि थोरल्या आत्याला, म्हणजे आमच्या आक्काला, फार चालायला लागणार नाही असं कुणीतरी ठामपणे सांगितलं. ते साफ खोटं निघालं. सिद्धगिरीचं ग्रामजीवन म्युझियम सुमारे ७ एकरांवर पसरलंय. आक्का ते सगळं चालली. बसायला जागा शोधत होतो ते आम्ही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. काडसिद्धेश्वर मठाच्या आवारात उघड्यावर एक अख्खं जुनं गाव उभं केलंय. गांधीजींच्या मनातलं स्वयंपूर्ण खेडं, ही त्यामागची कल्पना. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, शेतं, वाडे, बाजार, आणि माणसाएवढे पुतळे. अनेक जण त्याला मेणाचं म्युझियम म्हणतात, पण पुतळे सिमेंटचे आहेत, म्हणून तर ते ऊन-पावसात टिकलेत. सुरुवातीला गुहेसारख्या भागात पतंजली, चरक, कणाद अशी ऋषिमंडळी भेटतात. तिथं आमची पोरं फार रेंगाळली नाहीत आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

गेटवर आम्ही साठेक जण. ठाण्याच्या पुतण्यानं सगळ्यांसाठी पिवळे टी-शर्ट छापून आणले होते, पाठीवर आडनाव. नानाकाकांनी धोतरावर चढवला आणि दिवसभर मिरवला. आक्कानं हातात घेऊन कापड चोळून बघितलं, घडी केली आणि पिशवीत टाकला. ‘पुसायला बरा हाय.’

असल्या ठिकाणी गाईड पोरांना माहिती सांगतो आणि म्हातारी माणसं सावली बघून टेकतात, असं मी धरून चालले होते. मोटेपाशी पोहोचेपर्यंत. विहीर, धाव (बैलांची उतरती वाट), बैल, मोट (विहिरीतनं पाणी उपसायची चामड्याची मोठी पिशवी), मोटकरी असा देखावा आहे. तात्या (वडिलांचे चुलतभाऊ, ऐंशीला टेकलेले, एरवी ‘जेवलास का’ यापलीकडे न बोलणारे) तिथं थांबले ते हललेच नाहीत. काठीनं एकेक दाखवायला लागले. हा जाड तो नाडा, तो चाकावरनं जातो. ही बारकी दोरी म्हणजे सोंदूर, ती मोटेच्या सोंडेला. बैल धावेवरनं खाली उतरले की मोट वर येते, थारोळ्याशी, म्हणजे काठावरच्या कुंडाशी, आली की सोंदूर सोंड ओढतो आणि भसाभसा पाणी पडतं.

‘पर पुतळ्यात एक दावता येत न्हाई,’ तात्या म्हणाले. ‘बैल माघारी कसं यायचं? वळून न्हाई. उलट्या पावलानं, मागं-मागं, चढ चढत. ते शिकवायला जीव जायचा.’

‘आणि तुम्ही काय करायचा?’ एका नातवानं विचारलं.

‘बैल उतराय लागलं की मी नाड्यावर बसायचो. वजन पडतं न्हवं, बैलास्नी हलकं जातं. नाडा घिऊन जातोय खाली सुळ्ळकन.’

‘म्हणजे राईड!’ नातू ओरडला. बाकीची पोरं मोबाईल खिशात घालून जवळ आली. राईडला रांग होती का, पडायला व्हायचं का, दिवसातनं किती वेळा. तात्या म्हणाले, किती वेळा ते मोजलं असतं तर शाळेतच गेलो असतो. मग गावात इंजिन आलं, पुढं विजेची मोटर आली, आणि मोटेचं चामडं गोठ्याच्या आढ्याला लटकून वाळून गेलं, हे त्यांनी काहीही हळहळ न करता सांगितलं. बैल विकले ते मात्र सांगताना जरा थांबले.

तिथनं पुढं आमच्या घोळक्यात दोन तट पडले, आणि ते तट वयाचे नव्हते. पुरुषमंडळी प्रत्येक देखाव्यापुढं ‘काय दिवस होते’ म्हणत होती. लोहाराचा भाता, कुंभाराचं चाक, डोळ्यांवर झापड बांधून तेल्याचा घाणा ओढणारा बैल. सगळीकडं काय दिवस होते. नानाकाका तर म्हणाले की त्या वेळचं तेल आणि त्या वेळचं पीठ, म्हणून आमची हाडं अशी. (नानाकाकांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय.) आणि बायका, म्हणजे साठीच्या वरच्या सगळ्या चुलत्या, आत्या, माम्या, गप्प होत्या.

जात्यापाशी बांध फुटला. दळण दळणाऱ्या बाईचा पुतळा पाहून पुण्याची सून आक्काला म्हणाली, ‘आत्या, बसा ना शेजारी, एखादी ओवी म्हणा, मी व्हिडिओ करते.’

आक्का कमरेवर हात ठेवून त्या पुतळ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘हिच्या हाताला घट्टं न्हाईत बघ.’

आम्ही सगळ्यांनी वाकून पुतळ्याचे हात बघितले.

‘ओवी काय हौसनं म्हणतोय व्हय? झोप लागाय नको म्हणून म्हणायचो. पहाटं तीनला उठायचं. घरात इस माणसं खाणारी. जुंधळं दळून होतंय तवर तांबडं फुटायचं, मग शेण, मग पाणी, मग भाकरी. दीस उगवला की गडी म्हणणार, आज पीठ जाडं आलंय. आन आता ह्ये जातं बघायला तिकीट काडून आलोय.’

धाकटी काकू इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग सगळ्याच सुरू झाल्या. गावात गिरणी आली तेव्हा दळणाचे चार आणे द्यायचे का यावरून कुणाच्या घरात किती दिवस भांडण झालं. सासरे म्हणायचे गिरणीचं पीठ अंगी लागत नाही. आमची आजी पहिलं दळण चोरून घेऊन गेली होती, वर शेणकूट झाकून, हे माझ्या आईनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मी पन्नाशीला आले, आजीबद्दल ही गोष्ट कुणी मला सांगितली नव्हती. सांगणार कधी, लग्नात?

पुढं आडावर पाणी भरणाऱ्या बायका होत्या. पुण्यात वकिलीला असलेला भाचा बराच वेळ मागं-मागं होता. त्यानं विचारलं, ‘आजी, आपल्या गावच्या आडावर सगळेच पाणी भरायचे?’

‘सगळी कुठली,’ आक्का म्हणाली. ‘त्येंचा आड निराळा, वढ्याकडं. उन्हाळ्यात आटला की त्या बाया आमच्या आडापासनं लांब घागरी मांडून बसायच्या, कुणीतरी वाडंल म्हणून. मी वाडलंय की पाणी. वरनं. घागरीला घागर लागू न देता.’ आणि जरा वेळानं, ‘सासूनं शिकवलं तसं.’

नानाकाकांचं ‘काय दिवस होते’ तिथं आलं नाही. तात्यांनी बलुत्याचं सांगितलं, खळ्यावर कुणाला किती पेंढ्या मिळायच्या आणि कुणाला सगळ्यात शेवटी. भाचा म्हणाला, महारकीची वतनं, म्हणजे ती पिढीजात गावकामाची बांधिलकी, कायद्यानं गेली १९५८ साली. तात्या म्हणाले, ‘कायद्यानं गेली. गावातनं जायला माझं लगीन होऊन पोरं झाली.’ स्वयंपूर्ण गाव वगैरे मी शाळेत मुलांना पानंच्या पानं शिकवलंय. पुढच्या वर्षी तो धडा शिकवताना आडाचंही सांगणार आहे, पुस्तकात असो नसो.

जेवण आम्ही घरनं बांधून नेलं होतं: ज्वारीच्या भाकऱ्या, झुणका, खर्डा, मटकीची उसळ, दही-भात, आणि भडंगाचं एक पोतं म्हणावं इतकं भडंग. मठाचा परिसर म्हणजे मटणाचा प्रश्नच नव्हता. त्यावर दोघा जावयांनी इतकी तोंडं पाडली की शेवटी संध्याकाळी कोल्हापुरात तांबडा-पांढरा खायला घालू असं लेखी, म्हणजे ग्रुपवर, कबूल करावं लागलं. सावलीत सतरंज्या टाकल्या. आणि गंमत अशी की पंगत बसल्याबरोबर पुरुष बसले आणि बायका वाढायला उभ्या राहिल्या. पुण्याच्या सुनेनं ते पाहिलं, मी पाहिलं, आणि आक्कानं तर पाहिलंच. तिनं जागेवरनंच हाक मारली, ‘ए वकील, ऊठ. भाकरी वाड.’ भाचा उठला. त्याच्या मागनं आणखी तिघं पिवळे टी-शर्ट उठले. नानाकाका पान सोडून उठले नाहीत, पण ठेच्याचा डबा त्यांनी स्वतःच्या हातानं पुढं सरकवला. ही त्यांच्या हिशेबानं क्रांतीच.

निघताना पुढच्या वर्षाचं ठरवायला हात वर करायला सांगितले. जोतिबाला नानाकाका आणि भीतीपोटी त्यांचे दोन मुलगे. इमॅजिकाला सगळी पोरं. मोठ्यांपैकी कुणीच हात करेना; तिकीट महाग, लांबचा प्रवास, म्हातारी माणसं काय करणार तिथं, वगैरे. तेवढ्यात आक्कानं हात वर केला.

‘तिथं काय असतंय?’ तिनं हात वर ठेवूनच विचारलं.

‘आजी, नायट्रो म्हणून रोलर कोस्टर आहे! उलटं करतं!’

‘त्यात मला घेत्यात का?’

घेणार नाहीत बहुतेक, असं भाच्यानं सांगितलं.

‘मग मी खाली खुर्चीत बसून बघतो. जातं बघून झालं.’

ग्रुपवर पोल टाकलाय. ज्यांनी अजून मत दिलं नाही त्यांनी द्या, आणि टी-शर्टचे पैसे राहिलेत ते ठाण्याला पाठवा.