कोंबड्यांचा वाटा

दुपारी तांदूळ निवडायला बसले. हल्ली तांदळात निवडण्यासारखं काही नसतं, पण परात पुढ्यात घेतल्याशिवाय मला दुपार झाल्यासारखी वाटत नाही. आज शेजारी दुसरी परात होती. मुलीने बाबांच्या साखरेसाठी ब्राऊन राईस आणलाय, कोलमच्या जवळजवळ दुप्पट भावाचा.

चष्मा लावून दोन्हीतला एकेक दाणा तळहातावर घेतला. कोलमच्या दाण्याचा एक कोपरा तुटलेला. लहानपणी वाटायचं, हे टोके किड्यांचं काम. असे दाणे मी बाजूला काढत बसले, तेव्हा आजी म्हणाली होती, "गो बाय, असे काढलंस तर रांधूचा काय?" तो कोपरा म्हणजे अंकुराची जागा. गिरणीत कोंड्याबरोबर अंकुरही जातो आणि दोघांबरोबर ब-१ जीवनसत्त्व, मॅग्नेशियम, बरंचसं लोह. ब्राऊन राईसचा कोपरा शाबूत होता.

मग पाकिटं वाचली. उष्मांक दोन्हीकडे शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास. प्रथिनंही उन्नीस-बीस. खरा फरक तंतूंचा, इकडे एकसव्वा ग्रॅम, तिकडे साडेतीन. तेवढ्यासाठी कुकर दुप्पट वेळ चढवायचा आणि चावत बसायचं. शिवाय कोंड्यात तेल असतं, त्यामुळे हा तांदूळ फार दिवस ठेवला की खवट होतो. वर्षभर जुना करून मोकळा भात करायची माझी हौस इथे चालायची नाही.

मालवणजवळच्या आमच्या घरी दोन तांदूळ असायचे. रोजच्या पेजेला उकडा, आणि देवाला, पाहुण्यांना न उकडलेला सुरय. गणपतीत सुरय भाताची पांढरीशुभ्र मूद पानात पडली की आम्हा पोरांना श्रीमंत झाल्यासारखं वाटायचं. आजीला त्याचं कौतुक नव्हतं. "सुरय भात घटकाभराचो, पेज दुपारपर्यंत पुरता," म्हणायची. भात साळीसकट उकडला की ब-१ दाण्याच्या आत मुरतं आणि सडलं तरी बरंचसं टिकतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आधी घिरटावर साळ भरडायची, मग व्हायनात मुसळाने कांडायची. सुपातून कोंडा उडाला की कोंबड्या कुठून कुठून धावत यायच्या.

कोंबड्यांचं नशीबच म्हणायचं. १८९०च्या सुमारास जावात आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीच्या मागे लागला होता. ब-१ कमी पडलं की पाय लुळे पाडणारा हा रोग, पण तेव्हा कारण कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या कोंबड्याही रोग्यांसारख्याच लटपटू लागल्या, आणि मग आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तर कारण मुदपाकखान्यात निघालं. त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात मिळायचा. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना द्यायला नकार दिला. मग त्यांच्या पुढ्यात कोंड्यासकटचा स्वस्त तांदूळ आला. १९२९ साली आइकमनला नोबेल मिळालं. आचाऱ्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही. मला तो माणूस फार आवडतो. आमच्या सोसायटीच्या कार्यालयात असे दोनतीन आहेत, त्यांच्या हातून मात्र अजून काही शोध लागलेला नाही.

तर संध्याकाळी मी तडजोड केली. अर्धा कोलम, अर्धा ब्राऊन, एकाच कुकरात. झाकण उघडलं तर कोलमचा गाळ झालेला आणि त्यात ब्राऊनचे दाणे ताठ उभे. वरण ओतलं तर ते खाली तळाशी जाऊन बसलं, भाताला चिकटेना. फेकवेना. पुन्हा गॅसवर ठेवून तांब्याभर पाणी ओतलं, मीठ टाकलं, रटरट शिजू दिलं. वाडग्यात वाढून कडेला कैरीच्या लोणच्याची फोड ठेवली.

हे जेवायला आले, वाडग्यात डोकावले.

"पेज? का गं, बरं नाही का तुला?"