सत्तर वजा चाळीस

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात माझ्या वाट्याला प्रोजेक्ट आला तो श्वेत बटूंचा. मेलेल्या ताऱ्याचा जो गाभा उरतो, त्याचं द्रव्यमान आणि मूळ ताऱ्याचं द्रव्यमान यांचं नातं काढायचं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "अगं, प्रेसेपी घे. पुरून उरेल."

प्रेसेपी हा कर्क राशीतला तारकागुच्छ. फेब्रुवारीत सिंहगडाच्या पायथ्याशी अंधार मिळाला की नुसत्या डोळ्यांनी पुसट ढगासारखा दिसतो आणि साध्या दुर्बिणीतून फुटून त्याचे तारे होतात. त्यातले श्वेत बटू मात्र अठराव्या प्रतीच्या आसपासचे, म्हणजे साध्या दुर्बिणीला न दिसण्याइतके मंद. म्हणून मी सदाशिव पेठेतल्या खोलीत बसून लॅपटॉपवर लोकांनी घेतलेले वर्णपटच वापरले.

गुच्छच का, हे आधी समजून घ्यावं लागलं. एकटा श्वेत बटू आपलं पूर्वायुष्य सांगत नाही. गुच्छातले तारे एकाच ढगातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेले असतात. गुच्छाच्या वयातून, तारा मेल्यापासून श्वेत बटू किती वर्षं थंड होतोय तो काळ वजा केला, की मूळ तारा किती जगला ते निघतं. तारा जितका जड तितकं त्याचं आयुष्य कमी, त्यामुळे आयुष्यावरून द्रव्यमान. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फोल्कर वाइडेमान यांनी १९७७ साली हे नातं मांडलं, आणि त्यांची ती वजाबाकी आजही या कामाचा कणा आहे.

सगळ्यात रमले ते वर्णपटात. हायड्रोजनच्या रेषा साध्या ताऱ्यात अरुंद असतात, इथे त्या दरीसारख्या पसरलेल्या. पृथ्वीएवढ्या गोळ्यात सूर्याच्या निम्म्याहून जास्त द्रव्य कोंबलेलं, म्हणून पृष्ठभागी प्रचंड दाब, आणि त्या दाबाने रेषा रुंद होतात. रुंदीवरून गुरुत्व, गुरुत्वावरून द्रव्यमान. गणिती प्रतिकृतीने काढलेली रेघ सरकवत सरकवत ती खऱ्या दरीत बसली, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी उठून खोलीभर फिरले.

मग अडचण आली. एका बटूचा थंड होण्याचा काळ गुच्छाच्या वयापेक्षाच जास्त निघाला. म्हणजे तारा जन्मायच्या आधीच मेला! आठवडाभर मी आकडेमोड तपासत राहिले. मॅडमनी कागद बघून विचारलं, "तो त्या गुच्छातला आहे हे कुणी सांगितलं तुला?" ताऱ्यांची अंतरं आणि गती मोजणाऱ्या गैया उपग्रहाची माहिती काढली. त्याची आकाशातली सरक गुच्छाशी जुळत नव्हती आणि अंतरही वेगळं होतं. आपल्या आणि गुच्छाच्या मधे उभा असलेला कुणी परका. तो काढला. तेव्हापासून मी आधी सरक बघते, मग वर्णपट.

उरलेल्यांपैकी एक मी अगदी पाठ केला आहे. द्रव्यमान ०.८ सूर्य, थंड होण्याचा काळ सुमारे ४० कोटी वर्षं. गुच्छाचं वय ७० कोटी धरलं तर मूळ तारा ३० कोटी वर्षं जगला, म्हणजे तो साधारण ३.३ सूर्यांचा होता. अडीच सूर्यांइतकं द्रव्य त्याने मरण्याआधी वाऱ्यासारखं अवकाशात सोडून दिलं. आपला सूर्यही साधारण निम्मंच द्रव्य राखून ठेवेल. व्याधाचा जोडीदार श्वेत बटू सुमारे १ सूर्याचा आहे, पण त्याचा मूळ तारा ५ सूर्यांच्या आसपासचा. तारा जड असेल तर राखही जड, पण राखेचा वाटा मात्र कमी होत जातो.

पण गुच्छाचं वय नेमकं ७० कोटीच कशावरून? वेगवेगळ्या प्रतिकृती ६५ ते ८० कोटी सांगतात. ६५ धरलं की माझा तारा ३.५ सूर्यांवर जातो, ८० धरलं की ३ च्या खाली येतो. बटूच्या द्रव्यमानाला या वयाचा धक्काही लागत नाही, सगळी अनिश्चितता मूळ ताऱ्यावर येऊन पडते. मला एकच ठाम आकडा द्यावासा वाटत होता, आणि तसं केलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, असं मला आजही वाटतं.

अप्पा बळवंत चौकात बाइंडिंगला द्यायच्या आदल्या संध्याकाळी तक्ता परत छापला. मूळ द्रव्यमानापुढे तीन रकाने केले: ६५, ७०, ८०.