ग्राहकांची यादी: पडद्यावरची आणि कागदावरची

ग्राहकांची नावे, फोन आणि पत्ते यांची एक्सेलमधली यादी छापायला गेलो, की चार पानांच्या जागी आठ पाने निघत आणि शेवटच्या चार पानांवर नुसते ई-मेल असत. शेवटचा रकाना पानाच्या रुंदीत मावला नाही, की एक्सेल आधी सगळ्या ओळी खालपर्यंत छापते आणि मग उरलेल्या रकान्याकडे वळते, हे मला फार उशिरा कळले.

यादी भरतानाचा माझा नियम साधा आहे: एका ओळीत एकच ग्राहक आणि एका सेलमध्ये एकच गोष्ट. दोन फोन असतील तर दोन रकाने करावेत आणि गाव पत्त्यातून वेगळे काढावे, म्हणजे गावानुसार यादी लावता येते. शोभेसाठी सेल एकत्र जोडू नयेत, कारण त्यानंतर सॉर्ट करताना एक्सेल अडून बसते. फोनच्या रकान्याला मात्र आकडे भरण्यापूर्वीच 'टेक्स्ट' हे स्वरूप द्यावे. तसे न केल्यास सुरुवातीचे शून्य आणि अधिकचे चिन्ह गळून पडते, तर देशाच्या कोडासह 12 अंकी झालेला नंबर 9.2E+11 अशा अवतारात दिसू लागतो. गळलेले शून्य मागाहून स्वरूप बदलून परत येत नाही.

सॉर्टने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. मी फक्त नावांचा रकाना निवडून अक्षरक्रम लावला. शेजारचे रकानेही सोबत घ्यायचे का, असे एक्सेलने विचारले आणि मी घाईत नकार देऊन मोकळा झालो. नावे हलली, फोन जागच्या जागी राहिले, आणि फाइल मी त्याच अवस्थेत सेव्ह करून बंद केली. दुसऱ्या दिवशी लागोपाठ तीन फोन भलत्याच माणसांनी उचलले तेव्हा काय झाले ते ध्यानात आले. खणात एक जुनी छापील यादी होती, तिच्यावरून सगळे पुन्हा जुळवले. पण त्या कागदावर तारीख नसल्यामुळे नंतर बदललेले नंबर कोणते, हे ग्राहकांनाच विचारावे लागले. तेव्हापासून संपूर्ण यादीला मी 'कंट्रोल' आणि 'टी' दाबून टेबल करून ठेवतो, म्हणजे सॉर्ट करताना पूर्ण ओळ हलते, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी छपाईची तारीख व पानाचा क्रमांक घालतो.

एकच ग्राहक दोनदा येणे हे नित्याचेच आहे. नावापुढे राहिलेली एखादी मोकळी जागासुद्धा एक्सेलला वेगळे नाव वाटते. ती 'ट्रिम' या जादा जागा काढणाऱ्या सूत्राने जाते, पण वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरातली न तुटणारी जागा (दिसायला साधीच, पण एक्सेलच्या लेखी वेगळे चिन्ह) 'ट्रिम'लाही दाद देत नाही. 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' दुसरी ओळ न दाखवताच काढून टाकते, म्हणून मी आधी फोनच्या रकान्यातले दुबार नंबर रंगवून घेतो आणि कोणती ओळ ठेवायची ते स्वतः ठरवतो.

छपाईसाठी पान आडवे करून 'फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज' निवडले, की ई-मेलची वेगळी पाने निघत नाहीत. मात्र त्यामुळे अक्षरे फार बारीक होत असतील तर नको असलेले रकाने लपवावेत आणि पत्त्याला 'रॅप टेक्स्ट' लावावे, म्हणजे लांब पत्ता त्याच सेलमध्ये खालच्या ओळींवर येतो. लपवलेले रकाने आणि फिल्टरने वगळलेल्या ओळी छापल्या जात नाहीत. खाली सरकतानाही वरची ओळ जागीच ठेवणारे 'फ्रीझ पेन्स' लावले म्हणजे शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर येईल असे अनेकांना वाटते, पण ती सोय फक्त पडद्यापुरती असते. कागदासाठी 'पेज लेआउट'मधल्या 'प्रिंट टायटल्स'मध्ये जाऊन ती ओळ वेगळी सांगावी लागते.

उजवीकडे मी 'दुरुस्ती' नावाचा एक रिकामा रकाना ठेवतो. फोनवर बोलताना कळलेला नवा नंबर तिथे पेनाने लिहितो आणि संध्याकाळी फाइलमध्ये उतरवतो. जुनी प्रत, तिच्यावर लोकांचे पत्ते असल्यामुळे, कुलूपबंद खणात राहते आणि नवी छापून तपासून झाली की फाडली जाते.